विश्लेषण : शेपटीवर शिंग, पाठीवर कवटी... तिळावरच्या पतंगाला घाबरायचे की ओळखायचे?

पावसाळा ओसरू लागला की सटाणा तालुक्यातल्या शेतात दोन पाहुणे हमखास नजरेस पडतात. दिवसा तिळाच्या, वांग्याच्या किंवा वालाच्या पानाखाली बोटाएवढी जाड, शेपटीवर वाकडे शिंग असलेली हिरवी अळी दिसते. रात्री बागेतल्या किंवा घराच्या पडवीतल्या दिव्यावर मोठा पतंग येऊन आपटतो. जवळ जाऊन पाहावे तर त्याच्या पाठीवर चक्क कवटी! अळीला हात लावला तर माणूस दगावतो आणि पतंग घरात आला तर अपशकुन होतो, असे सांगणारे भेटतात. डाळिंबाच्या फळाला छिद्र पडले तरी संशय याच पतंगावर. प्रत्यक्षात ही अळी आणि हा पतंग एकाच कीटकाच्या दोन अवस्था आहेत. त्या दोन्ही विषारी नाहीत. भीतीपोटी होणारी फवारणी मात्र या भागातील डाळिंब आणि कांदा बियाण्याला महागात पडू शकते.

हा पतंग नेमका कोणता?

या पतंगाचे शास्त्रीय नाव ‘ॲकेरोन्टिया स्टिक्स’. ‘स्फिंजिडी’ या कुळातील पतंगांना हॉकमॉथ म्हणतात. हॉक म्हणजे ससाणा. निमुळते लांब पंख, भरदार शरीर आणि वेगवान उड्डाण यांमुळे हे नाव पडले. जगात या कुळाच्या चौदाशेहून अधिक प्रजाती आहेत. कुळाचे नाव आले ते मात्र अळीवरून. धोका जाणवला की ही अळी शरीराचा पुढचा भाग उचलून डोके आत ओढून घेते आणि स्तब्ध बसते. ती बैठक इजिप्तमधील स्फिंक्सच्या पुतळ्यासारखी वाटली म्हणून ‘स्फिंक्स’. 

पाठीवर कवटीचे चिन्ह असलेल्या पतंगांच्या तीन प्रजाती आहेत. ‘ॲट्रोपॉस’ ही युरोप-आफ्रिकेत आढळते, तर ‘लॅकेसिस’ आणि ‘स्टिक्स’ या दोन आशियातल्या. भारतात या दोन्ही सापडतात. लॅकेसिस आकाराने मोठा आणि अधिक काळपट असतो. स्टिक्सचे पसरलेले पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ८ ते १३ सेंटिमीटर भरतात. पुढचे पंख झाडाच्या सालीसारखे तपकिरी-काळे, तर मागचे पिवळे आणि त्यांवर दोन काळे पट्टे. दिवसा तो खोडाला चिकटून बसला की पुढच्या पंखांमुळे सहसा दिसतच नाही.

कवटी की मुखवटा?

पाठीवर, म्हणजे दोन पंखांच्या मध्ये, फिकट केसांचा ठिपका असतो आणि त्यात डोळ्यांसारखे दोन काळे डाग. युरोपियन माणसाला त्यात कवटी दिसली. नावेही तशीच पडली. ‘ॲकेरॉन’ आणि ‘स्टिक्स’ या ग्रीक पुराणातील पाताळाच्या नद्या. ‘ॲट्रोपॉस’ आणि ‘लॅकेसिस’ या माणसाच्या आयुष्याचा धागा मोजणाऱ्या आणि कापणाऱ्या नियतीदेवता. १९९१च्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ या चित्रपटाच्या पोस्टरवर कवटीचा पतंग झळकला आणि त्याची भीतिदायक प्रतिमा जगभर पक्की झाली.

पूर्व आशियात मात्र याच चिन्हाला वेगळी नावे आहेत. जपानी भाषेत स्टिक्सला ‘मेनगाता सुझुमे’ म्हणतात. ‘मेनगाता’ म्हणजे मुखवट्याच्या आकाराचा. ‘सुझुमे’ म्हणजे चिमणी, आणि तिकडे हॉकमॉथ पतंगांना चिमणीच्याच नावाने ओळखतात. चिनी नावाचा अर्थ तर ‘तिळावरचा भूतमुखी पतंग’ असा होतो. म्हणजे ज्या पिकावर महाराष्ट्रातला शेतकरी या अळीला ओळखतो, त्याच पिकावरून चीनमध्येही तिचे नाव पडले. तिळाची शेती जिथे जिथे आहे, तिथे ही अळी जुनी ओळखीची आहे.

अंडे ते पतंग : जीवनक्रम कसा असतो?

मादी पानाच्या मागच्या बाजूला एकेक सुटे अंडे घालते. ढीग घालत नाही. त्यामुळे एकाच झाडावर अळ्यांची झुंबड सहसा दिसत नाही. शेतात इथे एक, तिथे एक अशी विखुरलेली सापडते. दोन ते पाच दिवसांत अंड्यातून अळी बाहेर पडते. सुरुवातीला ती जेमतेम काही मिलिमीटरची असते, पण शेपटीवरचे शिंग तेव्हापासूनच असते.

पुढे अळी चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या वाढीच्या पाच अवस्था होतात. पूर्ण वाढलेली अळी सुमारे १० सेंटिमीटर लांब होते. रंग बहुधा हिरवा, अंगावर तिरपे पिवळसर पट्टे. काही अळ्या तपकिरी किंवा करड्याही असतात. एकाच प्रजातीत दोन रंग दिसल्याने अनेकांना त्या वेगवेगळ्या अळ्या वाटतात. शिंग खरखरीत आणि टोकाला वळलेले असते. शेवटच्या अवस्थेत ती सर्वाधिक खाते. एखाद्या रोपाचे शेंडे आणि पाने अचानक फस्त झाली आणि खाली मिऱ्याच्या दाण्यांसारखी मोठी काळसर विष्ठा पडलेली दिसली, तर वरच्या पानांखाली ही अळी असते, असे खुशाल समजावे.

अळीचा हा काळ तापमान आणि खाद्यानुसार तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत असू शकतो. वाढ पुरी झाली की अळी झाडावरून उतरते आणि जमिनीत शिरते. तिथे मातीची पोकळी करून ती कोष बनते. या पोकळीला रेशमाचे वेष्टन नसते. चकचकीत तपकिरी कोष थेट मातीत असतो. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत पतंग बाहेर पडतो, थंडीत हा मुक्काम लांबतो. नांगरताना किंवा कांद्याचे वाफे बांधताना मातीतून निघणारे अंगठ्याएवढे तपकिरी कोष अनेकदा हॉकमॉथचे असतात.

तिळाखेरीज वांगे, वाल, धोतरा अशा बऱ्याच वनस्पतींवर ही अळी जगते. तीळ हे आता बागलाणचे मुख्य पीक नाही. इथे कांदा, मका, डाळिंब आणि लवकर छाटणीची द्राक्षे यांचा बोलबाला आहे. शेजारच्या खानदेशात मात्र खरिपाचा तीळ घेतला जातो. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात विकसित झालेले ‘तापी’, ‘पद्मा’ यांसारखे वाण तिथल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. अळीला मात्र सलग तीळच हवा असतो असे नाही. बांधावरची चार रोपे किंवा परसातले वांगेही तिला पुरते.

अळी विषारी असते का?

नाही. तिच्या अंगावर काटे नसतात, दंश करणारे केस नसतात, आणि शिंग मऊ असते. ते डंख मारण्यासाठी नसते. त्यातून विष सोडण्याची कोणतीही सोय नाही. फार डिवचले तर ती जबड्यांचा टकटक असा आवाज करते आणि डोके झटकते. भक्षकाला बिचकवण्यासाठीचा हा देखावा आहे.

भीतीचे मूळ दुसरीकडे आहे. २०२२च्या सप्टेंबरमध्ये ‘घोणस अळी’च्या चित्रफिती महाराष्ट्रभर मोबाइलवर फिरल्या. ती अळी चावली की माणूस मरतो, अशा अफवांनी शेतात जायला मजूर घाबरू लागले. ती अळी ‘स्लग कॅटरपिलर’ गटातील होती. तिच्या अंगावर खरोखर दाहक काटे असतात, त्यांच्या स्पर्शाने तीव्र वेदना आणि आग होते. पण तिच्यामुळे मृत्यू होतो हे खरे नव्हते, असा खुलासा कृषी तज्ज्ञांनी तेव्हा केला होता. दोन्ही अळ्यांत फरक करणे सोपे आहे. घोणस अळी लहान, चपटी आणि अंगभर काट्यांचे झुबके असलेली असते. हॉकमॉथची अळी लांब, गुळगुळीत आणि एकच शिंग असलेली असते. पहिलीला हात लावू नये. दुसरीला उघड्या हाताने उचलले तरी काही होत नाही.

पतंग मधमाश्यांच्या पोळ्यात कशासाठी शिरतो?

बहुतेक हॉकमॉथ फुलातला मकरंद पितात. त्यांची सोंड लांब आणि लवचीक असते. फुलासमोर हवेत तरंगत ते मकरंद शोषतात आणि रात्री फुलणाऱ्या वनस्पतींचे परागीभवन करतात. कवटीच्या पतंगाची सोंड मात्र आखूड, जाड आणि टोकाला अणकुचीदार असते. ती फुलांसाठी नव्हे, मधाच्या कोठीसाठी घडलेली आहे. मधमाश्या भरलेल्या मधावर मेणाचे झाकण घालतात. पतंग ते झाकण सोंडेने फोडतो आणि मध ओढून घेतो. पूर्व आशियात आणि भारतात सातेरी मधमाशीच्या पोळ्यात, पेट्यांमध्ये तो शिरतो.

हजारो नांग्या रोखलेल्या असताना तो आत जिवंत कसा राहतो, याचे एक उत्तर १९९१ मध्ये मिळाले. युरोपियन ॲट्रोपॉस प्रजातीवर झालेल्या अभ्यासात या पतंगाच्या अंगावरील काही मेदाम्ले मधमाशीच्या अंगावरील मेदाम्लांशी मिळतीजुळती आढळली. अंधाऱ्या पोळ्यात मधमाश्या एकमेकींना डोळ्यांनी नव्हे, गंधाने ओळखतात. गंध ओळखीचा वाटला की पाहुणा काही काळ तरी शत्रू ठरत नाही. जाड त्वचा आणि दाट केसांचाही उपयोग होतोच. तरीही प्रत्येक चोरी यशस्वी होत नाही. पोळ्यात मरून पडलेले पतंग मधपाळांना सापडतात.

हा पतंग आवाजही काढतो. हातात धरला की उंदरासारखे चिरकतो. कीटकांत बहुतेकांचा आवाज पंख किंवा पाय घासून येतो. याचा येतो घशातून. हवा आत ओढताना घशातील एक पडदा थरथरतो आणि हवा बाहेर सोडताना शिटीसारखा सूर निघतो. २०१५ मध्ये जर्मनीतील शास्त्रज्ञांनी ॲट्रोपॉसवर प्रयोग करून ही क्रिया तपशिलाने दाखवली. पाठीवर कवटी आणि तोंडून किंकाळी, या जोडीने अपशकुनाच्या कथांना आणखी बळ मिळाले. खरे तर ही पकडणाऱ्याला दचकवून सुटण्याची धडपड असते.

सटाण्यापासून जपानपर्यंत हा पसरला कसा?

इराण-अरबस्तानपासून पाकिस्तान, भारत, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार, थायलंड, चीन, तैवान, कोरिया ते जपान असा स्टिक्सचा वावर आहे. एवढ्या मोठ्या पट्ट्यात टिकण्यामागे तीन कारणे दिसतात. पहिले, अळी एकाच वनस्पतीवर अवलंबून नाही. वांगे, तीळ, धोतरा ही झाडे माणसाच्या वस्तीबरोबर सगळीकडे आहेत. दुसरे, मध देणाऱ्या मधमाश्या या संपूर्ण प्रदेशात आहेत. तिसरे कारण म्हणजे या पतंगांची उड्डाणशक्ती.

ही शक्ती किती, याचा अंदाज २०२२ मध्ये आला. कॉन्स्टन्स येथील संशोधकांनी ॲट्रोपॉस पतंगांच्या पाठीवर चिमुकले रेडिओ ट्रान्समीटर चिकटवले आणि छोट्या विमानातून रात्री त्यांचा माग काढला. आल्प्स पर्वताच्या दिशेने निघालेल्या पतंगांपैकी एकाचा सुमारे ९० किलोमीटरपर्यंत पाठपुरावा करता आला. वारा विरुद्ध असतानाही पतंगांनी सरळ मार्ग सोडला नाही. वारा जोराचा असला की ते जमिनीलगत उडत. स्टिक्स त्याचाच भाऊबंद. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगररांगा किंवा तालुक्याची हद्द त्याला अडवू शकत नाही. एका शेतकऱ्याने आपले शेत अळीमुक्त केले तरी पुढच्या महिन्यात दूरवरून मादी येऊन अंडी घालू शकते. ‘एकदा फवारले की संपले’ हा हिशेब या कीटकाला लागू होत नाही तो यामुळेच.

पसरण्याला मर्यादा घालते ती थंडी. जमीन खोलवर गोठते तिथे कोष तग धरत नाहीत. उत्तर युरोपात ॲट्रोपॉस दरवर्षी दक्षिणेकडून नव्याने येतो, कायमचा राहत नाही. बागलाणातला हिवाळा कडक असला तरी माती गोठत नाही, त्यामुळे इथला कोष मातीत सुरक्षित राहू शकतो.

डाळिंबाचे छिद्र कोणाचे?

सटाणा परिसरात या पतंगाचा राग केला जातो तो मुख्यतः डाळिंबामुळे. मृग बहाराची फळे रंग धरू लागतात तेव्हा रात्री मोठे पतंग बागेत येतात. सकाळी फळावर बारीक छिद्र दिसते, भोवतीचा भाग मऊ पडतो, छिद्रातून बुरशी आणि जिवाणू शिरतात आणि फळ सडून गळते. तेल्या रोगाने आधीच पोळलेल्या बागायतदाराला हा दुसरा मार असतो.

यामागचा मुख्य गुन्हेगार वेगळा आहे. तो ‘युडोसिमा’ गटातील फळातील रस शोषणारा पतंग. त्याच्या सोंडेचे टोक कठीण आणि काटेरी असते, त्याने तो डाळिंबाची, मोसंबी-संत्र्याची साल भेदतो. गोंधळ होण्याचे कारण असे की दोघेही मोठे, दोघांच्या मागच्या पंखांवर पिवळा-नारिंगी रंग आणि काळ्या खुणा. फरक पाहायचा तो असा : युडोसिमाचे पुढचे पंख रुंद, वाळक्या पानासारखे, पाठीवर कवटी नाही, मागच्या पंखांवर पट्ट्यांऐवजी काळा ठिपका किंवा स्वल्पविरामासारखी खूण.

दोघांच्या अळ्याही वेगळ्या ठिकाणी वाढतात. युडोसिमाची अळी डाळिंबावर नसतेच. ती बांधावरच्या, कुंपणावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. ती गडद रंगाची, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली आणि कमान करून चालणारी असते, शिंग नसते. म्हणून डाळिंबावर कितीही कीटकनाशक मारले तरी अळीपर्यंत ते पोहोचत नाही, आणि रात्री दोन-चार तासांसाठी येणारा पतंगही त्यातून सहसा निसटतो. बागेभोवतीच्या वेलींवर लक्ष ठेवणे, फळांना पिशव्या घालणे, गळलेली फळे गोळा करून नष्ट करणे आणि सायंकाळनंतर पतंग हाताने किंवा जाळीने पकडणे हेच उपाय अधिक कामाचे ठरतात.

मग फवारणी का नको?

शिंगवाली अळी तुरळक असते. ती नजरेत भरते, खाते खूप, त्यामुळे नुकसान आहे त्याहून मोठे वाटते. तिच्यासाठी जहाल कीटकनाशक फवारले तर ते पडते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलांवर आलेल्या तिळावर, आणि त्या फुलांवर दिवसभर मधमाश्या असतात.

मधमाश्यांचे हे नुकसान त्याच हंगामापुरते राहत नाही. डाळिंबाच्या हस्त बहाराची फुले पावसाळा संपता संपता येतात, आंबे बहाराची जानेवारी-फेब्रुवारीत. त्याच सुमारास कांद्याचे डोंगळेही गोंड्यावर येऊ लागतात. कांद्याच्या एकाच फुलात परागकण आधी तयार होतात आणि स्त्रीकेसर नंतर, म्हणून एका फुलाचे पराग दुसऱ्यापर्यंत नेणारे कोणी तरी लागते. ते काम प्रामुख्याने मधमाशी करते. घरचे कांदा बियाणे धरणाऱ्या शेतकऱ्याच्या गोंड्यात दाणे कमी भरले, तर त्यामागे मधमाश्यांची कमतरता हे एक कारण असते. खरिपात कमजोर झालेल्या वसाहती हिवाळ्यात पुन्हा जोमाने उभ्या राहतीलच असे नाही. पतंग पोळ्यातला चमचाभर मध नेतो. चुकीच्या वेळची फवारणी अख्खे पोळे नेऊ शकते.

शेतकऱ्याने आणि मधपाळाने काय करावे?

विष्ठा आणि खाल्लेली पाने यांचा माग काढून अळ्या हाताने वेचणे हा सर्वात स्वस्त आणि खात्रीचा उपाय. अळीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष चिकटलेले असतील, तर ती अळी मारू नये. ते परोपजीवी गांधीलमाश्यांचे कोष असतात. त्या बाहेर पडून पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त करतात. संख्या वाढतीच असेल तर लहान अवस्थेतील अळ्यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी सायंकाळी, मधमाश्या परतल्यावर करावी. त्यापुढचे औषध कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानेच निवडावे.

पीक निघाल्यावर खोल नांगरट केली की कोष उघड्यावर येतात. नांगरामागे चालणारे बगळे आणि मैना उरलेले काम करतात. प्रकाश सापळा लावायचा असेल तर तो रात्रभर पेटता ठेवू नये, कारण त्यात उपयोगी कीटकही सापडतात.

मधपेट्या ठेवणाऱ्यांसाठी उपाय त्याहून सोपा आहे. पावसाळ्याच्या शेवटी पेटीचे दार अरुंद करावे. मधमाशी सहज ये-जा करेल, पण जाड अंगाचा पतंग शिरणार नाही, इतकेच उघडे ठेवावे. ही युक्ती मधमाश्यांकडूनच घेतलेली आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्स्वा ह्यूबर या स्वित्झर्लंडच्या दृष्टिहीन अभ्यासकाने नोंदवले होते, की हे पतंग वाढले तेव्हा त्याच्या मधमाश्यांनी पोळ्याच्या तोंडाशी आडभिंत उभारून वाट चिंचोळी केली. जोमदार वसाहत स्वतःचा बचाव करते, कमजोर वसाहतीला माणसाची मदत लागते.

दिव्यावर आलेला पतंग घरात शिरलाच तर दिवा मालवून खिडकी उघडी ठेवावी. तो चावत नाही, डंख मारत नाही. थोडा वेळ चिरकेल आणि बाहेरच्या अंधारात निघून जाईल.